जोर कुठे, अर्थ कुठे
इंग्रजी जोडशब्दात आघात बहुधा पहिल्या घटकावर पडतो. ‘ग्रीनहाउस’मध्ये ‘ग्रीन’वर जोर दिला तर ते रोपांसाठीचं काचघर, ‘हाउस’वर दिला तर नुसतं हिरव्या रंगाचं घर. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि हॅले यांनी आपल्या १९६८ मधल्या ग्रंथात हा फरक नियमांत बसवला. रस्ते मात्र नियमाला जुमानत नाहीत. ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये जोर ‘ऑक्सफर्ड’वर, ‘ऑक्सफर्ड रोड’मध्ये ‘रोड’वर! खाण्याच्या पदार्थांतही हाच लहरीपणा: ‘ॲपल केक’मध्ये बहुधा ‘ॲपल’ ठळक, ‘ॲपल पाय’मध्ये ‘पाय’. जोराखेरीज जोडशब्दाच्या उच्चाराचे तुकडे पाडतानाही दोन घटकांमधल्या जोडाची जागा शक्यतो राखली जाते, म्हणून ‘हॉट-हाउस’, ‘हॉ-टहाउस’ नव्हे. पण शब्द फार वापरला गेला की जोडच झिजतो. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ यांतला ‘प’ असाच गळाला आणि झालं ‘कबर्ड’.