धातूची थरथर मोजणारे न्यूट्रॉन

ॲल्युमिनियमचा तुकडा टेबलावर निपचित पडलेला दिसतो. आतले अणू मात्र सेकंदाला लाखो कोटी वेळा थरथरत असतात, तेही एकमेकांना ओढत, लाटांसारखे.

ही थरथर मोजायची कशी? क्ष-किरणाची ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यात कंपनाची चिल्लर हरवते. अणुभट्टीतून मंद होऊन निघालेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा मात्र जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे कंपनांच्याच तोलाची. धातूच्या स्फटिकात शिरून हा न्यूट्रॉन ऊर्जा कमावतो किंवा गमावतो. किती आणि कोणत्या दिशेने, हे मोजले की लाटेचा हिशेब लागतो.

कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी १९५०च्या दशकात हे साधले. नोबेल मिळाले थेट १९९४ साली! त्यांच्यासोबत काम केलेले पी. के. अय्यंगार मायदेशी परतले आणि ट्रॉम्बेत सहकाऱ्यांसह मॅग्नेशियमची कंपने मोजू लागले.