सिलिकॉन तगेल, मशीनचं काय?

“सिलिकॉनची मॅट आहे, दोनशे अंशांपर्यंत तिला काही होत नाही. एस्प्रेसो मशीनवर अंथरली तर बिघडलं कुठे?” मशीन घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून हे ऐकावं लागतं. वरच्या चकचकीत कप ट्रेवर ओरखडे पडू नयेत, ही इच्छा रास्तच आहे. फ्रिजवर रुमाल, टीव्हीवर क्रोशाची जाळी आणि रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालणाऱ्या आपल्या घरांत ती असणारच. पण इथे काळजी भलत्याच वस्तूची होते आहे. मॅटला काही होणार नाही, कबूल. मॅटखालच्या यंत्राचं काय?

कॉफीसाठी साधारण 90 ते 96 अंशांचं पाणी लागतं. दुधाला वाफ देणारा बॉयलर वेगळा असेल, तर तो एक ते दीड बार दाबावर, म्हणजे 120 अंशांच्या आसपास किंवा थोडा वरच चालतो. शिट्टीला आलेल्या प्रेशर कुकरच्या आत जेवढं तापमान असतं, तेवढंच. फरक इतकाच की कुकर अर्ध्या तासात गॅसवरून उतरतो आणि मशीन अनेक घरांत सकाळभर चालू असतं. हा बॉयलर, पंप आणि सर्किट बोर्ड पत्र्याच्या एकाच डब्यात शेजारी शेजारी बसवलेले असतात. घरगुती मशीनमध्ये बहुधा पंखा नसतो. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून, मागून गार हवा येते. आतल्या भागांना थंड ठेवणारी व्यवस्था एवढीच. तिच्याच तोंडावर आपण मॅट अंथरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “सहा महिने झाले, काही झालं नाही.” अहो, सहा महिन्यांत काही होणारच नाही! मशीन पेटणार नाही, धूर येणार नाही, कॉफीची चवही बदलणार नाही. होतं ते सावकाश. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. 105 अंशांना 2,000 तास अशी हमी असलेला कपॅसिटर घेऊ. भोवतालची हवा 65 अंशांवर राहिली तर या हिशेबाने तो 32,000 तास चालेल, 75 अंशांवर गेली तर 16,000 तास. मशीन रोज आठ तास चालू असेल, तर अकरा वर्षांचे साडेपाच होतात. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, दिशा हीच. मग बोर्ड गेला की “आजकालच्या वस्तू टिकतच नाहीत” म्हणायला आपण मोकळे.

“कंपनीने थोडाफार विचार केलाच असेल की!” केला आहे, पण फटी उघड्या धरून. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयईसी 60335. त्याचा 2-15 हा भाग पाणी व इतर द्रव तापवणाऱ्या उपकरणांसाठी आहे आणि कॉफी मशीन त्यातच येतं. मूळ मानकाच्या 11व्या कलमात उपकरण नेहमीसारखं चालवून आतल्या भागांची तापमानवाढ मोजायला सांगितलं आहे. नेहमीसारखं म्हणजे वर काही न अंथरता. ट्रेवर कप असतील हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि गोल कपांच्या मधून हवेला वाट मिळतेच. ती वाट मॅट बुजवते.

मग जाळीदार मॅट? ती उजेडासमोर धरून बघा. भोकांपेक्षा रबर जास्त दिसलं, तर फटींचा निम्म्याहून जास्त भाग बंद झाला असं समजा, आणि त्यावर कप यायचे आहेत अजून. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीत अंथरायची नॉनस्लिप जाळी तर नकोच. ती बहुधा पीव्हीसीच्या फोमची असते. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य सततच्या उष्णतेने बाहेर येतं आणि ट्रेवर चिकट नक्षी उमटते. ओरखडा परवडला.

मॅटची खरी जागा फटींच्या मधल्या सपाट पट्ट्यांवर आहे. तेवढ्याच मापाच्या सिलिकॉनच्या पट्ट्या कापा. त्याहून बरी युक्ती म्हणजे केक गार करायची स्टीलची जाळी. तिच्या पायांना सिलिकॉनच्या टोप्या घालून ती ट्रेवर ठेवा. कप सेंटीमीटरभर वर राहतात, ट्रेला टेकत नाहीत आणि हवा खालून मोकळी फिरते. कप थोडे कमी गरम होतील, त्याला इलाज नाही. ओरखडे काढतो तो कपाच्या बुडाचा बिनझिलईचा खरखरीत कडा. तो बारीक पॉलिश पेपरवर पाणी लावून घासला, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

ओरखड्यातून स्टेनलेस स्टील गंजतं, हीही भीती फोल. त्यातल्या क्रोमियमचा पातळ ऑक्साइड थर हवेत आपोआप पुन्हा तयार होतो. रंग दिलेल्या साध्या पत्र्याचा ट्रे असेल, तर मात्र भीती खरी.

फटी पाणी निथळायला ठेवलेल्या नाहीत. ओल्या कपाचे थेंब त्यातून विजेच्या भागांवर पडू शकतात, म्हणून कप पुसूनच ठेवा.

ट्रे झाकला की कप छान तापतात, हे थोडं खरं आहे. पण कपात गरम पाणी ओतून फेकलं की तेच काम अर्ध्या मिनिटात होतं.

काही मशीनचे ट्रे सपाट, बिनफटीचे असतात आणि हवा मागून किंवा बाजूने जाते. तिथे मॅट खुशाल अंथरा.

आणि मशीन झाकून ठेवायची सवय सुटतच नसेल, तर ते बंद करा, पुरतं गार होऊ द्या आणि मग हवा तो रुमाल घाला. सकाळी बटण दाबण्याआधी तो काढायला मात्र विसरू नका.