तट्टू सोडविले, पुढे काय?

चंद्रपूर जिल्ह्यात प्राण्यांचा विषय निघाला की तो वाघापाशी जाऊन थांबतो. ताडोब्याचे मोहर्ली प्रवेशद्वार भद्रावती तालुक्यातच असल्यामुळे हे स्वाभाविकही आहे. शेजारच्या गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्य पिलांना जो आसरा दिला, त्याची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही गेली. गाई-बैलांसाठी गोरक्षण संस्था आहेत. परंतु जो प्राणी रानातलाही नाही आणि गोठ्यातलाही नाही, ज्याचे दूध कोणी पीत नाही आणि ज्याच्या पाठीवर बसून झाले की ज्याची आठवण राहत नाही, त्या लहानशा तट्टाचा वाली कोण, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप नीटसा विचारलाही गेलेला नाही. आपली भाषाही त्याच्यावर फारशी प्रसन्न नाही. पैशासाठी कोणाचीही बाजू घेणाऱ्याला आपण 'भाडोत्री तट्टू' म्हणतो!

पाश्चात्त्य देशांत ३४ इंचांपेक्षा कमी उंचीचे, 'मिनिएचर' म्हणून ओळखले जाणारे घोडे हौसेने पाळले जातात. हौस फिटली की ते टाकले जातात आणि मग त्यांना सोडविणाऱ्या संस्थांना धाव घ्यावी लागते. आपल्याकडे हौसेचा भाग थोडा आणि पोटाचा मोठा. वरातीची घोडी, जत्रेत मुलांना फेरी मारून आणणारे तट्टू, टांग्यातून निवृत्त झालेले जनावर, असा हा संसार आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. संख्या घटली म्हणजे हाल घटले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. व्यवसाय आटत असताना शेवटी उरलेल्या जनावरांचीच आबाळ सर्वांत अधिक होत असते.

या आबाळीला एक पंचांग आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय दया दाखवून उपयोग नाही. लग्नसराई चैत्र-वैशाखात ऐन भरात येते, आणि त्याच दिवसांत चंद्रपूर-भद्रावतीचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. म्हणजे काम मिळते ते भर उन्हात. पुढे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने थांबतात. चार महिने जनावराची कमाई शून्य, चंदी आणि चारा मात्र रोजचा. ज्याचे स्वतःचेच घर हातावर चालते, असा मालक काय करणार? तो तट्टाला रस्त्यावर चरायला सोडतो. पावसात सतत ओल्या, घाणीच्या जमिनीवर उभे राहून टापा आतून कुजू लागतात. ओला कचरा आणि त्याबरोबर प्लॅस्टिक पोटात जाते. क्रौर्य म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, त्याचा निम्माशिम्मा भाग हा या रिकाम्या चार महिन्यांचा हिशेब आहे.

कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. त्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक भार नको. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नको. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपू नये, असे ते सांगतात. या शेवटच्या नियमाचे अक्षरशः पालन करायचे ठरविले, तर आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या बहुतेक दुपारी जनावराला सक्तीची सुटी मिळेल. शेरवानी घातलेला नवरदेव आणि त्याच्यापुढे बसविलेले पोर हे कायद्याच्या भाषेत 'ओझे' ठरते की नाही, हे वकिलांनी सांगावे. तट्टाच्या पाठीला ते केव्हाच कळलेले असते. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला मूळ अधिनियमात दहा ते पन्नास रुपये दंड आहे. आज एवढ्या पैशांत नाल ठोकून होत नाही.

तरीही समजा, एखाद्या जागरूक शिक्षकाने वा विद्यार्थ्यांनी तक्रार केली, पोलिसांनी दखल घेतली आणि तट्टू ताब्यात आले. खरी अडचण येथून सुरू होते. ते ठेवायचे कोठे? अधिनियमाचे ३५ वे कलम अशा जनावराला उपचारगृहात किंवा पांजरपोळात पाठविण्याची तरतूद करते. २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावी आणि तिच्याकडे निवारा असावा, अशी अपेक्षा धरली आहे. पण लहान गावात हाताशी असतो तो नगरपालिकेचा कोंडवाडा. तेथे मोकाट गुरे दोन दिवस अडकवून दंड वसूल करता येतो, आजारी घोड्याची शुश्रूषा करता येत नाही. मुंबईची गोष्ट निराळी आहे. तेथे १८३४ पासून पांजरपोळ आहे, १८७४ साली प्राणिक्लेश निवारणाची संस्था स्थापन झाली आणि परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे.

आणि तरीही मुंबईला हा प्रश्न सोपा गेला नाही. व्हिक्टोरिया गाड्यांची मौजेची रपेट बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला, त्या बंद करण्यास वर्षाची मुदत दिली आणि व्यवसायावर जगणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने आखावी, असे सांगितले. पुढे वर्षानुवर्षे चर्चा झाली ती मुख्यतः परवाने आणि भरपाई यांची. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्याही. गाडीला घोड्यावाचून चालविता आले. पण घोडा पंचवीस-तीस वर्षे जगणारा प्राणी आहे, आणि बंदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याला भूक लागतेच.

सुटका हे एका दुपारचे काम आहे, शुश्रूषा महिन्यांची. तिच्यात सद्भावनेने होणारी चूकच प्राणघातक ठरू शकते, म्हणून थोडे तपशिलात जाणे अगत्याचे आहे. हाडांचा सापळा झालेले तट्टू पाहिले की पहिली ऊर्मी होते ती तोबरा भरून चणे किंवा गूळ-पोळी पुढे करण्याची. हे कदापि करू नये. दीर्घ उपासमारीत शरीरातील फॉस्फरस, मॅग्नेशियम यांसारख्या क्षारांचा साठा रिता झालेला असतो. एकदम धान्य पोटात गेले की ती साखर पेशींत नेताना रक्तात उरलेसुरले क्षारही ओढले जातात. हृदय आणि श्वास कोलमडतात, आणि सुटकेच्या आनंदात असतानाच चारपाच दिवसांनी जनावर मरते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी उपाशी घोड्यांवर केलेल्या प्रयोगांत लसूणघासाचा वाळलेला चारा, थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा, हाच क्रम सर्वांत सुरक्षित ठरला. पहिले दहा दिवस तरी धान्याचे नाव काढू नये. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचे पोटात गेलेले बाहेर येण्याचा मार्ग नसतो. पोटशूळाने घोडे दगावतात त्याचे हे एक कारण आहे.

उलट प्रकारही असतो. लहान जातीची तट्टे थोड्या चाऱ्यावर सुटतात, आणि लाडाने फुगविलेल्या तट्टाच्या टापांना आतून सूज येऊन ते उभेसुद्धा राहू शकत नाही. अशा लठ्ठ जनावराला एकाएकी उपाशी ठेवले, तर त्याच्या रक्तात चरबी उतरून तेही मरते. तेव्हा बरगड्या दिसतात की नाही, एवढ्यावर निवाडा करू नये. अमेरिकेत १९८३ साली हेन्नेके यांनी मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून एक ते नऊ असे गुण देण्याची पद्धत मांडली. शाळेतल्या मुलालाही ती शिकविता येईल.

मग टापा. त्या महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. वर्षानुवर्षे न छाटल्याने वर वळलेली टाप एका बैठकीत सरळ करता येत नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी थोडी थोडी कापावी लागते आणि पूर्ण नवी टाप यायला वर्षाच्या आसपास लागते. हे काम जाणणारे नालबंद आता दुर्मीळ होत चालले आहेत. दातांना एका बाजूने धार चढलेली असेल तर गाल फाटतात आणि चारा पुढ्यात असून जनावर खंगते. कानशीने ती धार काढावी लागते. धनुर्वाताची लस हवी. आणि या सर्वांच्या आधी रक्ताची तपासणी होईपर्यंत ते जनावर इतरांपासून वेगळे ठेवलेच पाहिजे, कारण ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि तो निघाल्यास जनावराला मारण्यावाचून कायद्याने गत्यंतर ठेवलेले नाही. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशी सोय सव्वाशे किलोमीटरांच्या आत असताना आपण हतबल असल्याचा आव आणण्याचे कारण नाही.

बरे झालेले तट्टू द्यायचे कोणाला? हौशी माणसे पुढे येतील. बंगल्याच्या हिरवळीवर बुटके तट्टू शोभून दिसते. अशांपासून जरा सावधच राहावे. इंग्लंडमध्ये १९२७ साली एडा कोल यांनी सुरू केलेली, आज 'वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर' या नावाने चालणारी संस्था सोडविलेला घोडा दान करीत नाही, तो उसना देते. मालकी संस्थेचीच राहते, माणसे पाहणीला येतात, आबाळ दिसली की जनावर परत नेले जाते. आपल्याकडे हीच पद्धत योग्य. तट्टू कळपात रमणारे आहे, तेव्हा शक्यतो जोडीने द्यावे. ताडोब्याच्या बाजूच्या गावात द्यायचे झाल्यास रात्रीचा बंदिस्त निवारा आधी पाहावा, नाहीतर आपण बिबट्याची सोय केल्यासारखे होईल. वरात किंवा जत्रेच्या धंद्यात ते पुन्हा जुंपले जाणार नाही, हे लिहून घ्यावे.

मूळ मालकाला मात्र या साऱ्यातून वगळू नये. त्याला हाकलून दिले, तर तो उद्या दुसरे स्वस्तातले शिंगरू आणील आणि तेच चक्र फिरेल. गावातल्या सगळ्या घोडेवाल्यांची यादी करणे हे नगरपालिकेच्या एका लिपिकाचे चार दिवसांचे काम आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्षातून दोनदा टापा आणि दात तपासण्याचा दिवस ठरावा. जिल्हा संस्थेने एखादा कोरडा, उंचवट्यावरचा गोठा आणि एक विश्वासू मोतद्दार राखावा. चार महिन्यांचा कडबा आणि कुटार ज्येष्ठातच भरून ठेवले, तर आषाढीला दावे सोडण्याऐवजी मालक जनावर तेथे आणून बांधू शकेल आणि कार्तिकीनंतर परत नेऊ शकेल. त्यासाठी किती खर्च येतो आणि तो किती जणांत वाटता येतो, याचा आकडा या वर्षी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी कागदावर मांडायला हवा.