यंत्राच्या मेंदूला वीज देताना

मुलांनो, डेअरीत दुधाच्या पिशव्या भरणारं यंत्र पाहिलंय का कधी? मापानं दूध पडतं, पिशवी बंद होते, कापली जाते आणि पुढे सरकते. हे सगळं वेळच्या वेळी कोण सांगतं बरं?

यंत्राशेजारी एक पत्र्याचं कपाट असतं. त्याला म्हणतात कंट्रोल पॅनल. त्यात बसलेला असतो यंत्राचा मेंदू, म्हणजेच पीएलसी. १९६८ साली अमेरिकेत डिक मॉर्ली या अभियंत्यानं त्याची कल्पना मांडली. त्याआधी हेच काम भिंतभर रिले आणि तारांचं जंजाळ करत असे.

या मेंदूची भूक मात्र वेगळी! आपल्या घरात येते २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज. पीएलसीला आणि त्याच्या सेन्सरना बहुधा लागते २४ व्होल्टची दिष्ट वीज. मधला बदल करतो तो पॉवर सप्लायचा डबा. डबा लहानसा, पण त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात, हे विसरून चालत नाही. म्हणून तो बसवण्याचं काम शिकलेल्या वायरमननंच करायचं. तो काय काय करतो, पाहा.

आधी तो गणित करतो. समजा, सगळ्या उपकरणांना मिळून ४ अँपिअर लागतात. २४ गुणिले ४ म्हणजे ९६ वॅट. मग तो १२० वॅटचा डबा निवडतो. थोडी शिल्लक हवीच ना!

मग मेन स्विच बंद. नुसता बंद नव्हे, त्याला कुलूप! किल्ली स्वतःच्या खिशात आणि वर पाटी : ‘काम चालू आहे. वीज सुरू करू नये.’ का? तो पॅनलमध्ये वाकलेला असताना दुसऱ्या कुणी सहज स्विच दाबला तर? आत हात असतो माणसाचा.

त्यानंतर तपासणी. मीटर आधी चालू विजेवर लावून पाहायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू विजेवर. मीटरच बिघडलेला असेल, तर ‘वीज नाही’ या त्याच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?

जुना डबा बदलायचा असेल तर आणखी थोडा धीर धरावा लागतो. नळाचं पाणी गेलं तरी टाकीत पाणी उरतंच की नाही? तसंच डब्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि ती ३०० व्होल्टच्याही वर असू शकते. म्हणून माहितीपुस्तकात लिहिलेली मिनिटं थांबायचंच.

आता जोडणी. हिरवी-पिवळी अर्थिंगची तार सगळ्यात आधी जोडायची आणि काढताना सगळ्यात शेवटी. विजेच्या वाटेवर योग्य मापाचा एमसीबी हवा. प्रत्येक स्क्रू घट्ट हवा, कारण सैल जोड तापतो आणि आग लागू शकते. डब्याच्या वर-खाली मोकळी जागा ठेवायची, म्हणजे गरम हवा बाहेर जाते. २३० व्होल्टच्या तारा एकीकडे, २४ व्होल्टच्या दुसरीकडे. २४ व्होल्टच्या बाजूला अधिक-उण्याची अदलाबदल झाली, तर उपकरण जळू शकतं.

पालकहो, कारखान्यात घाई नेहमीचीच. ‘दोन मिनिटांचं तर काम, कुलूप कशाला?’ असं कुणी म्हणेलही. अशा वेळी कुलूप लावणारा माणूस भित्रा नसतो, शहाणा असतो. त्याचे साहेबही त्याच्या पाठीशी हवेत.

आणि मुलांनो, तुम्ही कुठलंही पॅनल उघडायचं नाही. घरी कुणाला शॉक लागला, तर त्याला हात लावू नका. मोठ्यांना हाका मारा आणि आधी मेन स्विच बंद करा. तो कुठे आहे, ठाऊक आहे ना? नसेल, तर आजच आई-बाबांना विचारून ठेवा.