वुचांगच्या वूडबाई

१८९९ साली मेरी एलिझाबेथ वूड चीनला गेल्या त्या भावाला भेटायला. त्यांचा भाऊ रॉबर्ट यांगत्से नदीकाठच्या वुचांग शहरात एपिस्कोपल पंथाचा मिशनरी होता. मेरी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. लग्न झालेलं नव्हतं, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया या छोट्या गावच्या ग्रंथालयात त्यांनी दहा वर्षं काम केलेलं होतं. पुढच्याच वर्षी उत्तर चीनमध्ये बॉक्सर बंड पेटलं आणि त्यात हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. तरीही वूडबाई वुचांगमध्ये राहिल्या, तिथल्या ‘बून स्कूल’ या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागल्या, आणि १ मे १९३१ रोजी त्याच शहरात वारल्या. चीनमधल्या आधुनिक ग्रंथालय चळवळीचा उगम या शाळेच्या ग्रंथालयात सापडतो, हे चिनी अभ्यासकही मान्य करतात. हे श्रेय बहुतेक वेळा त्यांच्या चिकाटीला आणि त्यांनी जमवलेल्या निधीला दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. चिकाटीचे मिशनरी पुष्कळ होते आणि निधी जमवणारे त्याहून अधिक. वूडबाईंचं वेगळेपण असं की, जे उभं करायचं ते दुसऱ्याच्या हाती सोपवायचं आहे हे धरूनच त्यांनी ते उभं केलं. त्यांच्या श्रद्धेचा अर्थही मला याच कृतीत दिसतो.

अविवाहित स्त्रियांना मिशनच्या कामात जी मोकळीक मिळे ती त्या काळच्या अमेरिकेत सहसा मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमधल्या अमेरिकन मिशनऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या मिशनऱ्यांच्या पत्नींचं काम बहुधा नवऱ्याच्या नावाखाली झाकलं जाई. आपल्याला ही परंपरा अपरिचित नाही. सिंथिया फरार १८२७ साली अविवाहित शिक्षिका म्हणून मुंबईत उतरल्या. पुढे अहमदनगरला त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. वूडबाई याच परंपरेतल्या, पण त्यांनी शाळेतही वर्गाऐवजी पुस्तकांची खोली निवडली. बून स्कूलमध्ये ग्रंथालय म्हणण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेतल्या चर्चना, मित्रांना आणि प्रकाशकांना पत्रं लिहून त्यांनी पुस्तकं मागवली, १९०६ च्या सुमारास मायदेशी जाऊन ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं, इमारतीसाठी पैसे उभे केले, आणि १९१० मध्ये बून ग्रंथालय सुरू झालं. ते शाळेचं होतं, तरी शहरातल्या कोणालाही तिथे येऊन वाचता येत असे. चीनमध्ये मोठे ग्रंथसंग्रह शतकानुशतकं होते. ते राजघराण्याचे, विद्वानांचे किंवा श्रीमंत घराण्यांचे असत आणि त्यांची राखण म्हणजे ते बंद ठेवणं असा समज होता. खुल्या कपाटांपाशी जाऊन आपल्या हातानं पुस्तक काढायचं, ही वुचांगकरांना सर्वस्वी नवी गोष्ट होती.

दार उघडलं तरी लोक लगेच आले नाहीत. परदेशी मिशनच्या आवारात पाऊल टाकायला शहरातली माणसं कचरत. हे लक्षात आल्यावर वूडबाईंनी आवाराबाहेर वाचनकक्ष काढले, आणि १९१४ पासून पुस्तकांच्या पेट्या मिशनशी संबंध नसलेल्या सरकारी शाळांकडेही जाऊ लागल्या. याच वर्षांत आपल्याकडे बडोद्यात जवळपास हेच घडत होतं. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं तेही १९१० मध्येच. बॉर्डन तीन वर्षं राहिले. त्यांनी ग्रंथपालांचे वर्ग घेतले, फिरत्या पेट्या सुरू केल्या, आणि १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागलं. बडोद्याचं काम विस्तारानं फार मोठं होतं, हे आधीच मान्य करायला हवं. तिथे राजाची इच्छा होती, खजिना होता, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता. वुचांगमध्ये यातलं काहीच नव्हतं. उलट ग्रंथालय सुरू होऊन दोन वर्षंही धड झाली नाहीत तोच, १० ऑक्टोबर १९११ रोजी, चिनी राजसत्ता उलथवणारा उठाव त्याच शहरात झाला. पंधरा वर्षांनी त्या शहराला सैन्याचा वेढा पडला. सत्तेचा आधार नसलेल्या संस्थेनं टिकायचं तर ती चालवणारी माणसं तिथलीच असायला हवीत, हे वूडबाईंनी ओळखलं होतं.

म्हणूनच १९१४ साल महत्त्वाचं. अमेरिकेतून आणखी एखादा ग्रंथपाल मागवणं सोपं होतं. त्याऐवजी वूडबाईंनी आपल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या शेन झुरोंग या तरुणाला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ग्रंथालय विद्यालयात पाठवलं. ग्रंथालयशास्त्र शिकायला अमेरिकेत गेलेला हा पहिला चिनी विद्यार्थी. मागोमाग हू चिंगशेंग गेले. परतल्यावर शेन यांनी १९१७ पासून वायएमसीएच्या मदतीनं प्रांतोप्रांती फिरून सार्वजनिक ग्रंथालयावर व्याख्यानं दिली, तक्ते आणि नमुने दाखवले. हे काम परदेशी बाईनं केलं असतं तर लोकांनी कुतूहलानं ऐकलं असतं. शेन बोलत तेव्हा त्यातून संस्था निघत. १९२० मध्ये बून ग्रंथालय विद्यालय उघडलं, चीनमधलं अशा प्रकारचं पहिलं. पहिल्या वर्गात अवघे सहा विद्यार्थी होते. तोवर साठीकडे झुकलेल्या वूडबाई त्याआधी बोस्टनच्या सिमन्स कॉलेजात आणखी वर्षभर शिकून आल्या होत्या.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. मिशनची शाळा धर्मप्रसारासाठीच होती, मग ग्रंथालय हे त्याचंच गोड रूप नव्हे का? शाळेबद्दल हे नाकारता येत नाही, आणि वूडबाईंनाही आपला धर्म लपवायचा नव्हता. १९२२ पासून चिनी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती शिक्षणसंस्थांविरुद्ध जी चळवळ उभारली तिचा रोख निराधार नव्हता. मात्र ग्रंथालयात प्रत्यक्ष काय घडलं ते पुस्तकांच्या वर्गीकरणात पाहावं. ड्यूईच्या दशांश पद्धतीत धर्माला स्वतंत्र मुख्य वर्ग आहे आणि त्यातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मानं व्यापलेली आहे. शेन आणि हू यांनी १९१७ मध्ये चिनी पुस्तकांसाठी ड्यूईच्या धर्तीवर नवी पद्धत बांधली. तिच्यात पहिला वर्ग कन्फ्यूशियन परंपरेच्या अभिजात ग्रंथांना आणि कोशग्रंथांना दिला, धर्म मात्र तत्त्वज्ञानाच्या जोडीला एकाच वर्गात बसवला. मिशनच्या ग्रंथालयात, मिशनच्या पैशानं शिकलेल्या दोघांनी हे केलं. ज्यांना फक्त धर्मांतर हवं असतं ते आपल्या शिष्यांना कपाटांचा क्रम असा बदलू देत नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक जड आहे. बॉक्सर बंडानंतर विजेत्या राष्ट्रांनी चीनवर प्रचंड नुकसानभरपाई लादली होती. अमेरिकेनं आपल्या वाट्याचा एक भाग १९०८ मध्ये परत केला होता. उरलेला ग्रंथालयांसाठी वापरता यावा म्हणून वूडबाईंनी दीडशे चिनी नेत्यांच्या सह्यांचं निवेदन मिळवलं आणि त्या वॉशिंग्टनला जाऊन बसल्या. ऐंशीहून अधिक सिनेटर आणि चारशेहून अधिक प्रतिनिधींना त्या भेटल्या. मे १९२४ मध्ये कायदा झाला आणि व्याज धरून सुमारे सव्वा कोटी डॉलर परत करण्याचा मार्ग मोकळा झाला. चीनकडून जबरीनं घेतलेला पैसा परत करताना त्याचा उपयोग परक्यांनी का सुचवावा, हा प्रश्न रास्तच आहे. तो पैसा मुळात घ्यायलाच नको होता, असं माझं मत आहे. पण १९२४ मध्ये पर्याय होता तो पैसा अमेरिकेतच राहण्याचा. या निधीसाठी नेमलेल्या मंडळावर बहुसंख्य सभासद चिनी होते, आणि त्यांनी १९२५ मध्ये विज्ञानशिक्षणाबरोबर ग्रंथालयांसारख्या कायमस्वरूपी कामांचीही निवड केली. त्याच वर्षी चीनची राष्ट्रीय ग्रंथालय संघटना स्थापन झाली. वूडबाईंनी एका अन्यायाची पूर्ण भरपाई केली असं कोणी म्हणू नये. तो पैसा चिनी वाचकाच्या जवळ आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता, एवढं मात्र निश्चित.

सोपवण्याची ही रीत कागदोपत्रीही दिसते. १९२७ मध्ये एडिंबरोच्या परिषदेत, जिथून आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाची सुरुवात झाली, चीनच्या वतीनं वूडबाई हजर होत्या. दोनच वर्षांनी रोमच्या परिषदेत त्या जागी शेन झुरोंग गेले. विद्यालयाची सूत्रंही त्यांच्याकडेच आली. जपानशी युद्ध पेटल्यावर १९३८ मध्ये त्यांनी विद्यालय चोंगचिंगला हलवलं आणि युद्ध संपल्यावर पुन्हा वुचांगला आणलं. १९५३ मध्ये ते वुहान विद्यापीठात विलीन झालं आणि तिथला ग्रंथालय व माहितीशास्त्राचा विभाग आपला वारसा आजही तिथूनच सांगतो. ज्या पंथानं ते सुरू केलं त्याला तोवर चीनमध्ये जागा उरली नव्हती. विद्यालय मात्र टिकलं, कारण ते चालवणारे कोणी परदेशी नव्हते.

विद्यार्थ्यांची संख्या लहान राहिली, इंग्रजी येत असल्याशिवाय प्रवेश मिळणं कठीण होतं, आणि त्यामुळे खेड्यापाड्यांतला वाचक बडोद्यात जितका जवळ आला तितका इथे आला नाही. ही उणीव खरी आहे. पण त्या पहिल्या सहा जणांत चियू काइमिंग होते. ते हार्वर्डला गेले, तिथल्या हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. चिनी-जपानी पुस्तकांसाठी त्यांनी तयार केलेली वर्गीकरण पद्धत पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या पूर्व आशियाई ग्रंथालयांनी दीर्घकाळ वापरली.