प्लेट आहे म्हणून वेग आहे?

वडोदऱ्यात अलकापुरीत धावण्याचे बूट घ्यायला गेलात की एक प्रयोग हमखास पाहायला मिळतो. विक्रेता बूट दोन्ही हातांनी वाकवायला जातो, बूट वाकत नाही, आणि पाठोपाठ वाक्य येतं : "अंदर कार्बन प्लेट छे, एकदम स्प्रिंग जेवी!" मग वीसेक हजारांचा तो बूट कामाटीबागेत रोज पहाटे रखडत फिरताना दिसतो. का घेतला म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं : "प्लेटमुळे वेग वाढतो, रोज घातली की आणखी वाढेल."

नाही वाढत. निदान प्लेटमुळे तर नाहीच.

या समजाचं मूळ २०१७ मध्ये आहे. नायकीच्या व्हेपरफ्लाय या कार्बन प्लेटच्या बुटामुळे धावताना सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचते, असं व्हाउटर होगकामर आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात मोजलं. मोजमाप खरं आहे. पैसा नायकीचा होता, तरी नंतर इतरांनाही तसाच फायदा दिसला. पण धावणारे कोण होते? १० किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत पळणारे १८ जण, तेही ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने. ताशी १४ म्हणजे साधारण तीन तासांत मॅरेथॉन. आपल्यातले बहुतेक जण किलोमीटरला सहा मिनिटं घेतात, म्हणजे ताशी १०. त्या वेगाला डस्टिन जूबर्ट यांच्या २०२३ च्या अभ्यासात सरासरी बचत जेमतेम एक टक्का निघाली, आणि काहींचा ऊर्जाखर्च उलट वाढला.

बरं, ती बचत तरी प्लेटची का? होगकामर यांनीच लॉरा हीली यांच्यासोबत पुढे व्हेपरफ्लायच्या प्लेटला आडवे सहा काप दिले. प्लेटचा ताठपणा गेला, तरी ऊर्जाखर्चात फरक पडला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. दाबल्यावर मिळालेली बहुतेक ऊर्जा परत देतो तो तळातला पेबा जातीचा हलका फोम. म्हणजे दुकानात बूट वाकवून दाखवतात ते चुकीच्या भागाचं प्रदर्शन!

आणि समजा वाचली ऊर्जा, तर रोजच्या सरावात ती वाचवायची कशाला? शर्यतीत घड्याळ बघायचं असतं. सरावात पोटऱ्या, पाऊल आणि दम यांना काम द्यायचं असतं.

दुखापतीबद्दल मात्र उगाच भीती घालणार नाही. कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या धावपटूंच्या पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याची पाच उदाहरणं टेनफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये नोंदवली. पाच उदाहरणं म्हणजे पुरावा नव्हे, पण सावध राहायला पुरेशी. शिवाय उंच, मऊ आणि टाचेशी अरुंद तळ घेऊन पेव्हर ब्लॉक, स्पीड ब्रेकर आणि आडवी येणारी गाय यांतून वळणं घेऊन बघा, म्हणजे घोटा काय म्हणतो ते कळेल.

मग रोज काय घालायचं? बिनप्लेटचा, रुंद तळाचा, जाड रबराचा साधा ट्रेनर. आठवड्यातून एकदा वेगाचा सराव करत असाल आणि हौस असेल, तर नायलॉनच्या लवचीक प्लेटचा बूट चालेल. कार्बनचा शर्यतीसाठी राखा. फक्त तो वडोदरा मॅरेथॉनच्या सकाळी पहिल्यांदा पायात चढवू नका, आधी दोन-तीन लांब धावांत घालून बघा.

उरलेले समज थोडक्यात. "महाग बूट जास्त टिकतो" : शर्यतीच्या बुटाचा फोम आणि पातळ रबर साध्या ट्रेनरआधी थकतात. "एकच चांगला जोड पुरे" : लक्झेंबर्गमधल्या २६४ धावकांच्या अभ्यासात जोड आलटून-पालटून वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या. "पाऊल आत झुकतं, म्हणून खास आधाराचा बूट हवाच" : डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना साधाच बूट देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा झुकणाऱ्या पावलांना जास्त इजा झाल्याचं दिसलं नाही. बूट पायाला आरामशीर वाटतोय ना, ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून बघा.