नफा वाईट नाही, पण तो जातो कुणाच्या पदरात?

‘धंदा म्हटला की लबाडी आलीच,’ असं आपण किती सहज म्हणून जातो! चळवळीत वावरलेल्या बायकांना तर ‘नफा’ हा शब्दही खटकतो. लाल बावट्याखाली मोर्चात चालायचं आणि संध्याकाळी वही उघडून विक्रीचा हिशेब मांडायचा, हे एकाच बाईला कसं जमावं? पण मैत्रिणींनो, मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी ते जमवून दाखवलं.

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिलढ्यात त्यांनी पायावर गोळी झेलली. पुढे मुंबईत कम्युनिस्ट पक्षाचं आणि कामगार संघटनांचं काम करताना गिरणगावातल्या खाणावळवाल्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून चाळीत राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवू घालायच्या या बाया. एका खोलीत पहाटेपासून चूल पेटलेली. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य आणायचं आणि सावकाराचं भरमसाठ व्याज भरायचं. संप झाला की पगार बंद, म्हणजे खाणावळीचे पैसेही बंद. तरीही ताट वाढायचं थांबत नसे. त्यासाठी अंगावरचं किडूकमिडूक गहाण पडायचं.

कामगाराच्या हक्कासाठी घोषणा होत होत्या, पण त्याला जेवू घालणारी बाई कुणाच्या हिशेबात होती? तिला मालक म्हणावं, तर हातात भांडवल नाही. कामगार म्हणावं, तर पगार नाही, रजा नाही, बोनस नाही. तिच्यासाठी मोर्चा काढायचा तरी कुणाच्या दारावर?

प्रेमाताईंनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केलं. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. डाव्या पक्षांची ती जुनी मागणी. पण बँक सरकारी झाली म्हणून चाळीतल्या बाईला तिची पायरी चढता येत होती थोडीच! तारण ठेवायला काही नाही, सही येत नाही, अशा बाईला कर्ज देणार कोण? तेव्हा बायकांनी गट केले आणि एकमेकींना जामीन राहिल्या. सुरुवातीला १४ जणींना प्रत्येकी दीड हजार रुपये कर्ज मिळालं. आज रक्कम किरकोळ वाटेल, पण तेवढ्यावर सावकाराचा फास सैल झाला आणि धान्य रोखीने भरता येऊ लागलं. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, गिरणगावाची घडी विस्कटली आणि खाणावळीचं गिऱ्हाईकच आटलं. पण संघटना होती, म्हणून केटरिंगसारखी नवी कामं हाती घेता आली.

दुसरं उदाहरण तर आपल्या डब्यातलंच आहे, लिज्जत पापड! १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथे कामाला येणारी प्रत्येक बाई ‘बहीण’, म्हणजेच मालकीण. सकाळी पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यायची. नफा झाला तर त्यातही वाटा. देणगी घ्यायची नाही, हाही त्यांचा सुरुवातीपासूनचा दंडक. ‘बिचाऱ्या बायकांचे पापड’ म्हणून नव्हे, चांगले आहेत म्हणून घ्या! आज या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक बहिणी आहेत. बाजाराशी वैर न धरता बाजारात ताठ मानेने कसं उभं राहायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

मात्र ‘सहकार’ अशी पाटी लावली की न्याय आपोआप होतो, असं मुळीच नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही मोठीच गोष्ट. पण उसाच्या फडात राबणारं बीडकडचं जोडपं सभासद नव्हतंच. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि थंडीपावसात खोपटात राहायचं. नवरा-बायको मिळून मोजायचे एक ‘कोयता’. तिच्या घामाची स्वतंत्र नोंदच नाही! म्हणजे मालक पुष्कळ झाले, पण सर्वांत खाली राबणारी वहीच्या बाहेर राहिली.

हे लांबचं नाही. आज गावोगावी बचत गट आहेत. दिवाळीत चकली-चिवड्याच्या ऑर्डरी येतात, गटातल्या दहा जणींना काम आवरत नाही, मग भाजणी दळायला, पाकिटं भरायला शेजारच्या वस्तीतल्या दोघी-तिघी रोजाने येतात. त्यांना रोज किती द्यायचा? ‘जास्त दिला तर आपल्याला काय उरणार?’ असा प्रश्न येतोच, आणि तो खोटाही नाही. घराला हातभार लागावा म्हणूनच तर गट काढलेला असतो.

यावर उपाय वहीतच आहे. दर ठरवताना डाळ, तेल, गॅस यांच्यासोबत मजुरीचाही रकाना आखा. आपली मजुरी त्यात लिहा आणि रोजाने येणारीचीही लिहा. ‘घरचंच काम’ म्हणून स्वतःची मजुरी सोडून दिली की माल स्वस्त पडतो, आणि मग तिचीही कापावी लागते. गिऱ्हाइकाला दोन रुपये जास्त सांगायला लाजू नका. दोन-तीन हंगाम नेमाने येणारीला सभासद करून घ्या. आणि महिन्यातून एकदा वही सर्वांसमोर मोठ्याने वाचा, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही कळेल की पैसा आला किती आणि गेला कुठे.

नफ्याला पाप म्हणायचं कारण नाही. तो उरला नाही तर पुढच्या महिन्याची डाळ कशी भरणार? पण तो कुणाच्या हाताने उरला आणि वाटताना त्या हाताला विचारलं का, हे मात्र प्रत्येक हिशेबाला पाहायलाच हवं.